मुलांना वळण लावा, घरबसल्या आणि फुकटात!

पालकहो, संस्कारवर्गाची फी कशाला भरताय? घरच्या घरी होतं सगळं.

दुकानात पोराने भोकाड पसरलं की लगेच चॉकलेट देऊ नका. आज नाही म्हणा, उद्या द्या, मग दोन दिवस पुन्हा नाही. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगातल्या कबुतरांना दाणा कधी मिळेल याचा नेम नसे, म्हणून ती चोच मारायची थांबतच नसत. तुमचा बाळ्या तर कबुतराहून हुशार.

घास भरवताना मोबाइल हवाच. खाण्याआधी रोज एक आवाज ऐकून पुढे नुसत्या आवाजानेच लाळ गाळणाऱ्या पावलोवच्या कुत्र्यांची आठवण येऊ द्यायची नाही.

वर्गणीवाले आले की ‘बाबा घरी नाहीत’ सांगायला त्यालाच पाठवा.

आता प्रात्यक्षिक. पोराला स्कूटरवर पुढे उभं करा. हेल्मेट आरशाला अडकवा, चौकात मामा दिसले तरच डोक्यावर. यू-टर्न लांब पडतो, तेव्हा राँग साइडने घुसा आणि समोरून सरळ येणाऱ्यावर हॉर्न मारा. परवा शाळेच्या वेळेला तो सरळ येणारा मी होतो. करकचून ब्रेक दाबला तरी आरशाला आरसा घासलाच. वर बाप ओरडला, “दिसत नाही का रे?” ठीक आहे, हे रोजचंच. पण पुढे उभं असलेलं ते पाच-सहा वर्षांचं, गळ्यात वॉटरबॅग, त्याने बापासारखीच भुवई चढवली, बोट नाचवलं आणि मला म्हणालं, “दिसत नाही का ले?” र सुद्धा नीट येत नाही अजून! आणि बाप हसला. कौतुकाने गालगुच्चा घेतला. झालं, बक्षीस मिळालं, धडा पक्का.

१९६१ साली बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने मुलांना दाखवलं, मोठी माणसं एका फुगवलेल्या बाहुलीला बडवताहेत. नंतर मुलांनीही बडवलं, तेच शब्द उच्चारत. ‘असं कर’ म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या एका प्रयोगात बडवणाऱ्याला शिक्षा होताना पाहिलेली मुलं जरा गप्प राहिली. पण पाहिलेलं करून दाखवलंस तर बक्षीस, म्हटल्यावर त्यांनाही सगळं येत होतं. मामा दिसल्यावर हेल्मेट घालून तुम्ही काय शिकवता, ते कळलं?

आणि उद्या शाळेतून तक्रार आली की बाईंशीच भांडायला जाल, “आमच्या घरात असं कुणी बोलत नाही हो!” खोटं बोलता. तुम्हीच बोलता, रोज, त्याच्या डोक्यावरून. जरा पुढे जाऊन वळायला काय होतं? आधी त्या पोराला मागे बसवा. ब्रेक लागला की पहिलं त्याचं तोंड हँडलवर आपटणार आहे, तुमचं नाही.