२५ हजार पास्कल आणि टेबलाखालचा केस

कार्पेट नसलेल्या घरासाठी व्हॅक्यूम निवडणं म्हणजे खरं तर पाच मिनिटांचं काम असायला हवं. फरशी सपाट, कचरा समोर दिसतोय, तो उचलायचाय, विषय संपला. आमच्या अटीही काही फार नव्हत्या, हलका पाहिजे, वायर नको आणि पलंगाखाली गेला पाहिजे. बायकोनं चौथी अट घातली की यात एक्सेल शीट नको. पहिल्या तीन अटी सगळ्या कंपन्यांना मान्य होत्या, चौथी मला नव्हती.

कारण स्टिक व्हॅक्यूम (दांड्यासारखा उभा, बॅटरीवर चालणारा) शोधायला लागलं की आकडे अंगावरच येतात हो. एक म्हणतो १८ हजार पास्कल (दाब मोजायचं एकक, इथे ओढ किती ते सांगायला), दुसरा म्हणतो २५ हजार, तिसरा २५ किलोपास्कल लिहितो आणि आपल्याला वाटतं हा किती कमी, मग कळतं की अरे तेच आहे हे, चौथा वॉट सांगतो, पाचवा एअर वॉट, आणि सहावा आकडाबिकडा काही न देता नुसतं चक्रीवादळाचं चित्र टाकून मोकळा होतो. पास्कल हा माणूस शाळा सुटली तेव्हाच आपल्या आयुष्यातून गेला असं मी धरून चाललो होतो. तो इतक्या वर्षांनी सोफ्याखाली भेटला.

तर हे पास्कलचं प्रकरण काय आहे ते मी नीट वाचून काढलं, आणि वाचल्यावर जास्तच त्रास झाला. वातावरणाचा दाब साधारण १०१ किलोपास्कल असतो. म्हणजे २५ किलोपास्कलवालं मशीन आतला दाब जवळपास पाव हिश्शानं कमी करतं, भारीच आहे की. पण हे मोजतात कसं? तोंड पूर्ण बंद करून! नळीला बूच लावायचं, हवा आत यायला फटसुद्धा ठेवायची नाही, आणि मग ओढ किती तयार होते ते बघायचं. आता हवाच आत शिरत नसेल तर कचरा कशावर बसून येणार? उलट नळी मोकळी सोडली तर हवा भसाभसा वाहते पण ओढ जवळजवळ संपते. एअर वॉट म्हणजे या दोघांचा गुणाकार, त्यामुळे तो एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला पण शून्य, आणि खरं काम होतं ते मधे कुठेतरी. म्हणजे डब्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात जो आकडा छापलाय तो मशीन काहीही साफ करत नसतानाचा आहे.

हे मी बायकोला अगदी उत्साहानं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "कळलं की. सगळ्यात जास्त जोर काम चालू नसताना. मी रोज बघते."

आणि नुसते वॉट लिहिलेले असतील तर ते मशीन किती वीज खातं त्याचे असतात, किती ओढतं त्याचे नाही. युरोपात २०१४ मध्ये १६०० वॉटच्या वरचे व्हॅक्यूम बाजारात आणायला बंदी आली, २०१७ मध्ये ती मर्यादा ९०० वर आणली (आपले बॅटरीवाले यात येत नाहीत, पण मुद्दा समजून घ्या). शिवाय त्यांच्या डब्यांवर एनर्जी लेबल असायचं, ते २०१८ मध्ये तिथल्या कोर्टानं रद्दच केलं, का, तर चाचणी धूळ जमायच्या बॅगेत काही नसताना व्हायची. बॅगेत धूळ नसताना व्हॅक्यूम किती छान चालतो हे बघून मार्क द्यायचे! हे वाचून मला फार बरं वाटलं, म्हणजे एकट्या मलाच राग येत नाहीये तर.

मग बॅटरी. '६० मिनिटांपर्यंत' असं लिहिलेलं असतं, त्यातला सगळा प्रामाणिकपणा त्या 'पर्यंत'मध्ये. हिशोब अगदी साधा आहे, २१.६ व्होल्टची अडीच अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ५४ वॉट-अवर. ही तासभर पुरवायची तर मशीननं ५४ वॉटवर भागवायचं, म्हणजे इको मोड (सगळ्यात कमी जोर), फरशीवर फिरणारा रोलर बंद, आणि समोर धुळीनं फारशी अपेक्षा ठेवायची नाही. तेच टर्बोवर, म्हणजे पूर्ण जोरात, ४०० वॉट खायला लागलं की आठ मिनिटं. आठ! आणि व्होल्टमध्ये अजून एक गंमत आहे, बॅटरीतल्या एका सेलचे सरासरी ३.६ व्होल्ट, असे सात सेल जोडले की २५.२ होतात. पण फुल चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टचा असतो, असे सहाच जोडले तरी २५.२ च होतात. आकडा तोच आणि आत एक सेल कमी. हे कळल्यापासून मी २५.२ दिसलं की संशयानंच बघतो.

वजनात तर कमालच. दीड किलो लिहिलंय म्हणून खूश व्हावं तर खाली बारीक अक्षरात 'मुख्य युनिट', म्हणजे पाइप नाही, खालचं फरशीला टेकणारं हेड नाही, फक्त ती पिस्तुलासारखी वरची मोटर. सगळं जोडून काटा अडीच-तीन किलोवर जातो. त्यातही किलो हा प्रश्नच नाहीये खरं तर, ते वजन आहे कुठे हा प्रश्न आहे. मोटर, बॅटरी, धुळीचा डबा सगळं वरती मुठीपाशी असतं. फरशीवर चालवताना थोडं वजन हेड घेतं म्हणून ठीक चालतं, पण जळमटं काढायला तोच वर उचला आणि अर्धं मिनिट धरून बघा. दंड दुखतो ते सोडाच, मनगट थेट राजीनामा देतं. त्यात काहींना बंदुकीसारखा खटका असतो, दाबून धरला तरच चालणार, बॅटरी वाचावी म्हणून. बॅटरी वाचते. बोट जातं.

तर एका डब्यावर हे सगळे आकडे शेजारीशेजारी बसलेले, पास्कल नळी बंद असतानाचे, मिनिटं इको मोडची, वजन पाइप काढल्यावरचं, आणि डेसिबल सगळ्यात हळू चालत असतानाचे (दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, तेव्हा तिथेही सांभाळून). पाच विषयांतले मार्क पाच वेगवेगळ्या मुलांचे आणि मार्कशीट एकाच्याच नावावर, असा कारभार आहे. प्रत्येक आकडा खरा. फक्त ते सगळे एकाच वेळी खरे असतील असं मशीन अजून कुणी बनवलेलं नाही.

आमच्या बाबांचं या सगळ्यावर एकच म्हणणं, "झाडूला चार्जिंग लागत नाही." मी त्यांना गप्प करायला इतिहास काढला. १९०१ मध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं धूळ उडवायच्या ऐवजी ओढून घ्यायचं मशीन काढलं, त्याआधी त्यानं खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडानं हवा ओढून बघितली होती, घुसमटला बिचारा, पण रुमालावर धूळ दिसली आणि आयडिया पक्की झाली. स्पेक शीट नाही काही नाही, डायरेक्ट फुप्फुस. त्याचं मशीन एवढं मोठं होतं की ते घोड्यांच्या गाडीवरून यायचं, रस्त्यावर उभं राहायचं आणि लांब नळ्या खिडकीतून घरात सोडायचे.

"म्हणजे वजन हातात नाही," बाबा म्हणाले. "हुशार माणूस."

मग मी अमेरिकेवर आलो. जेम्स मरे स्पँगलर, साफसफाईचं काम करणारा माणूस, धुळीनं दम्याचा त्रास व्हायचा, म्हणून त्यानं पंख्याची मोटर, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा जोडून हातानं चालवायचा इलेक्ट्रिक व्हॅक्यूम बनवला, १९०८ मध्ये पेटंट मिळालं, पुढे तेच हूव्हरनं विकत घेतलं. बाबांनी बाकी सगळं सोडून नेमकं तेवढंच उचललं. "झाडूचाच दांडा ना? मग झालं तर."

खरी गोष्ट मला फार उशिरा सापडली कारण ती डब्यावर मोठ्या अक्षरात नसतेच. ती म्हणजे हेड, फरशीला टेकतं ते. कार्पेटमध्ये धूळ आत रुतलेली असते, तिला खेचायला जोर लागतो, ब्रशनं झोडपावी लागते. फरशीवर धूळ नुसती वर पडलेली असते हो, ती कुठे लपून बसत नाही, टाइल्सच्या सांध्यांत थोडी जाते तेवढीच. तिला २५ हजार पास्कलचा धाक दाखवायची काही गरज नाही. तिला फक्त तोंडापर्यंत येऊ द्यायचं असतं आणि नेमकं तिथेच घोळ होतो. कडक केसांचा ब्रश फरशीवर गरगर फिरला की खडा, वाळूचा कण, तुटलेलं बटण हे सगळं मागे आपल्याच पायांवर भिरकावतो. बरं ब्रश नसलेलं, फरशीला चिकटून चालणारं हेड घेतलं तर ओढ मस्त, पण पुढची कडा इतकी खाली की जरा मोठा कचरा आत शिरतच नाही, हेड त्याला भिंतीपर्यंत ढकलत नेतं आणि भिंतीशी आपण दोघं, म्हणजे मी आणि तो कचरा, एकमेकांकडे बघत उभे.

यावर उपाय म्हणजे मऊ रोलर, जाडसर, लोकरी कापडाचा, जो पुढून जवळपास उघडा असतो त्यामुळे मोठा कचरा आत घेतो आणि बारीक धूळ पुसत पुसत नेतो. फरशीवाल्या घरानं बाकी सगळे आकडे विसरून पहिल्यांदा हे बघावं असं माझं स्पष्ट मत आहे. चाकं पण बघावी, कडक प्लॅस्टिकची नकोत, चाकाखाली वाळूचा कण अडकला की तो लाकडी फरशीवर रेघ ओढत जातो आणि आपल्याला वाटतं साफसफाई चाललीय. आणि रोलर हातानं निघतो का ते बघाच बघा, कारण केस. लांब केस रोलरच्या दोन्ही टोकांना असा पीळ घालून बसतात की कात्रीच लागते. आमच्याकडे हे केस कुणाचे यावर चर्चा होत नाही, माझे नाहीत हे माझ्याकडे बघून कुणालाही कळतं.

व्हिडिओंनी या बाबतीत काडीची मदत केली नाही. त्यात चकचकीत फरशीवर मधोमध वाळूची सरळ रेघ ओढतात आणि व्हॅक्यूम तीवरून एकदा जातो, वाह. कुणाच्या घरात कचरा असा मधोमध, रांगेत, आपली वाट बघत बसतो? तो असतो कडेला, दाराच्या मागे, टेबलाच्या पायाला बिलगून, आणि तिथे ते हेड शिरतं का हे कुणी दाखवत नाही. रिव्ह्यूंची तऱ्हा अजून वेगळी. 'पॅकिंग उत्तम, अजून वापरला नाही, पाच स्टार.' 'नवऱ्याला आवडला, चार स्टार.' यातला नवरा तो चालवतो का हे लिहिलेलं नव्हतं, मला तरी शंका आहे.

फिल्टरवर थोडक्यात सांगतो नाहीतर बायको म्हणते तसं माझं परत सुरू होईल. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा, आणि 'हेपा टाइप' म्हणजे काहीही. फिल्टर कितीही चांगला असला तरी धुळीच्या डब्याच्या झाकणाच्या फटीतून हवा निसटत असेल तर धूळ पण तोच रस्ता घेणार. डबा साधारण अर्धा लिटरचा असतो, तो कचऱ्याच्या बादलीवर धरून खटका दाबला की कचरा खाली आणि बारीक धूळ सरळ आपल्या नाकात, मग एवढं हेपा आपण कशासाठी घेतलं असा प्रश्न पडतो. म्हणून डबा पार खाली बादलीत घालून उघडावा. धुतलेला फिल्टर पूर्ण वाळायला एक दिवस जातो. त्या दिवशी बाबा फार खुशीत असतात.

शेवटी घेतला तो व्हॅक्यूम माझ्या यादीत पास्कलमध्ये खालून दुसरा होता. मऊ रोलर, बाहेर निघणारी बॅटरी (काही वर्षांनी ती थकणारच, लिथियमचा सेल चारपाचशे चार्जिंगनंतर पहिल्यासारखा राहत नाही, मग नुसती बॅटरी बदलता आली पाहिजे ना), खटक्याऐवजी बटण, आणि हेड एवढं बुटकं की पलंगाखाली आडवं जातं. बायकोनं पाच मिनिटं हातात धरून, मनगट फिरवून बघितलं आणि "हा" म्हणाली. माझ्या शीटमध्ये मनगटाचा रकाना नव्हता, तो नंतर घातला.

पण त्याच्या हेडला पुढे एक लाइट आहे, आणि तो या घराला महागात पडतोय. दिवा फरशीच्या अगदी लगत असल्यामुळे प्रकाश तिरका पडतो आणि प्रत्येक कणाची लांब सावली पडते, त्यामुळे जी फरशी आम्हाला वर्षानुवर्षं स्वच्छ दिसत होती ती त्या उजेडात वाळवंट दिसते. दिवसा तो लाइट नीट दिसत नाही म्हणून आता आमच्याकडे सफाई रात्री होते, सगळे दिवे बंद करून. बायको पुढे, बाबा मागून "डावीकडे राहिलं, डावीकडे" करत, आणि त्यांच्या हातात मशीन गेलं की ते थेट टर्बोवर टाकतात, मग आठ मिनिटांनी अंधारातून आवाज येतो, "अरे, हे बंद का पडलं?"

परवा त्यांनी मला बाजूला बोलावून विचारलं, तो पुढचा लाइट तेवढा सुटा विकत मिळतो का बघ. व्हॅक्यूम नकोय त्यांना. झाडूला बांधायचाय.