लोखंडात धरू की बिडात?

माझं वजन 90 किलो नाही, 86 आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण परवापासून आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली वजनकाट्याची एक पावती लावलेली आहे आणि दूधवाल्यापासून विहिणीपर्यंत सगळे ती वाचून जातात.

आहेरासाठी डझनभर टॉवेल आणायला मला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पाठवलं होतं. वाटेतल्या वजनकाट्यावर टाटाची जुनी 1210 एसई ट्रकगाडी उभी दिसली. टॉवेलचा विषय तिथंच संपला.

ज्यांना ट्रक म्हणजे रस्त्यातला अडथळा वाटतो त्यांच्यासाठी सांगतो. 12 टन आणि शंभरेक हॉर्सपॉवर म्हणून 1210. पुढं 16 टनी, 130ची आली ती 1613. एसई म्हणजे सेमी फॉरवर्ड: अर्धं इंजिन नाकात, अर्धं ड्रायव्हरच्या गुडघ्याशी. सोलापूरच्या मे महिन्यात ते गुडघ्याशी असणं काय असतं हे ड्रायव्हरलाच विचारा. आता कायद्यानं नव्या ट्रकांच्या केबिनला एसी लागतो. चांगलंच झालं, पण हल्लीच्या गाड्यांना तोंड म्हणून नुसती भिंत असते. हिला नाक होतं. टाटांनी 1954 साली मर्सिडीज-बेंझशी करार केला, त्यामुळे जुन्या गाड्यांच्या नाकावर तीन टोकांचा तारा असायचा. 1969ला करार संपला. त्याच साली मी जन्मलो. बायकोच्या मते देशाचं एकाच वर्षात दोनदा नुकसान झालं.

वडील गिरणीत होते. तिच्या भोंग्यावर आमच्या घरी भात चुलीवर चढायचा. मला यंत्रांचा नाद तिथून लागला आणि सुटलाच नाही. डोळे मिटून इंजिनाच्या आवाजावरून टाटा की लेलँड ते मी सांगतो. पण लग्नकार्यात हे सांगितलं की लोक दुसऱ्या पंगतीला जाऊन बसतात. जुनी नाणी जमवणाऱ्याला संग्राहक म्हणतात, पक्षी बघत चिखलात पडून राहणाऱ्याला निसर्गप्रेमी म्हणतात. ट्रक बघणाऱ्याला म्हणतात, "अजून लहानच आहे हो!" असो.

तर गाडी चालू होती, संथ गुरगुरत होती. मी जवळ गेलो. मागच्या स्प्रिंगचे पाटे किती आहेत ते मोजायला वाकलो. सहा मोजले असतील नसतील, तोवर काट्याच्या खिडकीतून आरोळी आली, "ओ मालक! प्लेटवर काय करूलालाव?"

खाली पाहिलं. दोन्ही पाय काट्यावर.

"उतरतो की," मी म्हणालो.

"आता उतरून काय उपयोग? वजन छापून झालं. तुमच्यासकट."

11,480 किलो. मी खाली उतरल्यावर खिडकीतला लाल आकडा 11,390 वर आला. आणि हे 90 कुणाचे, यावर सभा भरली.

गाडीत भंगार होतं. घेणारे शेठ ओरडले, "किलोला तीस रुपये देतोय मी. नव्वद किलोचे सत्तावीसशे! यांना घेऊन मी काय करू?" विकणारे कारखानदार मात्र एकदम माझ्या बाजूचे झाले. "ऱ्हाऊ द्या की, साहेब सज्जन दिसतात." माझ्या सज्जनपणाचा भाव इतका रोखठोक कुणी कधी केला नव्हता.

एवढ्यात बाकड्यावरून एक काका उठले. डोक्याला टोपी, कानावर बिडी. त्यांचा काट्याशी काय संबंध होता हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, बहुधा काटेवाल्यालाही माहीत नसावं. पण ते उठले आणि सगळे गप्प झाले. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. मग शेठना विचारलं,

"ह्यांना लोखंडात धरायचं का बिडात?"

"काका, मस्करी नको."

"मस्करी न्हाय. भाव वेगळा हाय. लोखंड वाकतंय. बीड ओतीव, त्याला वाकायचं ठाऊकच न्हाय, घण घातला की सरळ तुटतंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मालक वाकूनच बघूलालते. म्हंजे लोखंड."

लोक हसले. मीही हसलो, कारण न हसून काय करणार? पण काकांचं काम संपलं नव्हतं. "सकाळी रिकामी गाडी काटा केली तवा ड्रायव्हर आत होता का भाईर?"

ड्रायव्हर म्हणाला, चहाला उतरलो होतो. आणि आता? आता आत बसलोय. क्लीनर? तोही आत. शेठच्या डोक्यात दिवा पेटला. म्हणजे दोन माणसं भंगाराच्या भावानं! कारखानदार म्हणाले, मग सकाळी गाडीत पाण्याचा कॅन भरलेला होता, तो आता रिकामा आहे, त्याचं काय?

इथं मी तोंड मिटून स्कूटर गाठायला हवी होती. पण जन्मभर जमवलेलं ज्ञान उपयोगी पडायची संधी पहिल्यांदाच आली होती. मी विचारलं, "मधे डिझेल भरलं का?" ड्रायव्हर म्हणाला, पन्नास लिटर. मी म्हणालो, "लिटरला साधारण 830 ग्रॅम, म्हणजे साडेएक्केचाळीस किलो तेच झाले."

आता तिघंही माझ्यावर चिडले. मग मी आणखी समजावलं. प्लेटखाली लोड सेल असतात, पोलादाचे ठोकळे. वजन पडलं की ते केसाएवढे दबतात, वर चिकटवलेल्या बारीक तारेचा विजेला होणारा विरोध बदलतो, आणि त्यावरून खिडकीत आकडा उमटतो. हा काटा दहा-दहाच्या टप्प्यानं आकडा दाखवतो, त्यामुळे मी 86 असलो तरी फरक 90 दिसू शकतो.

"म्हंजे काटा खोटा?" काकांनी शांतपणे विचारलं.

काटेवाला बाहेर आला. वजनमापेवाल्यांचा शिक्का दाखवला. मला म्हणाला, "मालक, काटा बरोबर हाय. तुम्ही घरचा काटा बघा."

शेवटी सगळ्यांना उतरवून गाडी पुन्हा काटा करायची असं ठरलं. दुसऱ्या पावतीचे शंभर रुपये कुणी द्यायचे यावर मात्र अजिबात वाद झाला नाही. सगळ्यांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

गाडी मागे घेतली तेव्हा हौदा नीट दिसला. माग होते. सात-आठ पॉवरलूम, बिडाच्या फ्रेमा घणानं फोडलेल्या, दांडे गॅसनं कापलेले. एका कोपऱ्यात जेकार्डचे, म्हणजे विणताना नक्षी ठरवणारे, भोकं पाडलेले पुठ्ठे, दोऱ्यात ओवलेले तसेच. कुठल्या तरी चादरीवरचा मोर त्या भोकांत असणार. एका फ्रेमवर खंडेनवमीचं हळदीकुंकू अजून लागलेलं होतं. दसऱ्याला पूजा आणि उन्हाळ्यात तीस रुपये किलो. मी कारखानदारांना विचारलं, एखादा अख्खा ठेवला असता तर? ते म्हणाले, "ठेवू कुठं? कारखान्याच्या जागेचं भाडं येतंय, मागाचं काय येतंय?" त्यांचं चुकलं असं मला म्हणता आलं नाही, आणि याचाच जास्त राग आला. या गावात घरोघर चादरी निघतात. त्या विणणारा एक माग उभा ठेवायला मात्र कुणाकडे जागा नाही, माझ्याकडेही नाही. आमच्या गॅलरीत वॉशिंग मशीन आहे.

निघताना काकांनी पहिली पावती माझ्या हातात दिली. पाठीमागे पेनानं वजाबाकी करून खाली लिहिलं होतं, "साहेब – 90". पुढच्या बाजूला, "माल" या शब्दापुढे, मशीननं छापलेलं होतं: भंगार.

घरी बायकोनं दोन्ही बाजू सावकाश वाचल्या.

"अहो, डॉक्टरांना तर 82 सांगितलंत."

मी तिला दहाचा टप्पा समजावू लागलो. ती चुंबक शोधायला गेली.

टॉवेल आणायला उद्या मेहुणे जाणार आहेत. त्यांना कसलाच नाद नाही.