'२४ तासांत डिलीट करा' असं कायद्यात कुठेही नाही

काल रात्री साडेदहाला अण्णांचा फोन. "ती हार्ड डिस्क पुसून टाक, घरी पोलीस नकोत." नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला होता: विकत घेतलेल्या सिनेमाची कॉपी फक्त २४ तास ठेवता येते, नंतर सापडली तर ३ वर्षं कैद आणि २ लाख दंड. २०२३ च्या कायद्याने तर घरातली कॉपीही गुन्हा. मूळ सीडी असेल तर नातेवाइकांना कॉपी द्यायला मात्र हरकत नाही!

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यांतल्या सिनेमाच्या सीडी चिखलात गेल्या. कव्हरांचा लगदा झाला. धुऊनपुसून ज्या चालल्या, त्यांच्या कॉपी मी काढून ठेवल्या. पैसे मोजून घेतलेल्या सीडी, कॉपीही घरातच. तरी अण्णा रात्रभर जागे. राग त्याचा आहे.

ते २४ तास कुठून आणले? १९५७ चा कॉपीराइट कायदा कुणालाही वाचता येतो. घरच्या कॉपीला तासांची मुदत त्यात नाही. कॉपी बेकायदा असेल तर ती पहिल्या मिनिटापासून बेकायदा. कायदेशीर असेल तर पंचविसाव्या तासाला गुन्हा कसा होईल? चोरीचा सिनेमा उतरवून घेणाऱ्याला हा आकडा खोटा धीर देतो आणि अण्णांसारख्या सरळ माणसाची झोप उडवतो.

वाचायचं ते कलम ५२. कोणत्या वापराने हक्कभंग होत नाही याची यादी तिथे आहे आणि पहिल्याच खंडात खासगी किंवा वैयक्तिक कामासाठीचा वाजवी वापर आहे. पूर्वी त्या खंडात साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृती एवढंच होतं. २०१२ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅम सोडून सगळ्याच कृती त्यात आल्या, म्हणजे सिनेमाही आला.

शिक्षेचे आकडे खरे आहेत, तेवढं कबूल करते. कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, पण ही शिक्षा जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगासाठी. 'बॅकअप'ची स्पष्ट परवानगी संगणक प्रोग्रॅमपुरतीच लिहिलेली आहे, हेही खरं. सिनेमाच्या बाबतीत 'वाजवी' काय ते शेवटी कोर्टच ठरवणार. डीव्हीडीचं कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप तोडण्याबद्दल कलम ६५ए मध्ये २ वर्षांपर्यंत कैद आहे, तीही हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने स्वतःच्या डीव्हीडीचं कुलूप तोडायलाही मनाई आहे. तिथला नियम सांगलीत लावू नका. आमच्या बहुतेक व्हीसीडी आहेत, त्यांना असं कुलूप नसतंच.

२०२३ ची सिनेमॅटोग्राफ कायद्याची दुरुस्ती थिएटरात मोबाइल लावून सिनेमा रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी आणि तसल्या चोरीच्या कॉपी लोकांना दाखवणाऱ्यांसाठी आहे. आमच्या कपाटाशी तिचा संबंध नाही.

आणि ज्याला मेसेज 'हरकत नाही' म्हणतो, खरा धोका तिथेच आहे. कॉपी वाटायला लागलात की वैयक्तिक वापर संपला. मिरजेच्या मावशीला पेनड्राइव्ह भरून द्यायचं अण्णांच्या मनात होतं. तिला सिनेमा बघायचा असेल तर मूळ सीडी न्यावी, बघून परत आणून द्यावी. अण्णांना आज सकाळी हेच सांगितलं. डिस्क पुसलेली नाही.