ठासणीच्या तोफा रातोरात गेल्या नाहीत

सध्या फिरणारा मेसेज असा: 'मागून भरायची तोफ 19व्या शतकातली. त्याआधी ती कुणाला सुचलीच नव्हती. ती आली आणि ठासणीच्या तोफा रातोरात भंगारात गेल्या. फायदा काय, तर वेग.' (ठासणीची म्हणजे पुढून, नळीच्या तोंडातून भरायची.) शेवटचं तेवढं अर्धं बरोबर आहे.

सुचली नव्हती? पोर्तुगिजांच्या जहाजांवर 16व्या शतकातच अशा लहान तोफा होत्या. मूठ असलेल्या लोखंडी भांड्यात दारू ठासायची, भांडं नळीमागच्या खोबणीत बसवायचं, मागून पाचर ठोकायची आणि बत्ती द्यायची. दोन-तीन भांडी आधीच भरलेली असली की मारा भराभर. चिन्यांनी या तोफेला नावच 'फोलांगची' दिलं, म्हणजे आपलं फिरंगी! खोट सांध्यात होती. भांडं आणि नळी यांच्या फटीतून पेटता वायू बाहेर फुटायचा, म्हणून दारू बेतानेच भरावी लागे.

रातोरात म्हणाल, तर ब्रिटन चक्क मागे फिरलं. तिथल्या मागून भरायच्या आर्मस्ट्राँग तोफेत वरून एक ठोकळा खाचेत सोडायचा आणि मागचा पोकळ स्क्रू त्यावर आवळायचा. आवळणं कमी पडलं की बारासोबत ठोकळाही उडायचा. 1863 मध्ये जपानच्या कागोशिमा शहरावरच्या माऱ्यात मोठ्या आर्मस्ट्राँग तोफांनी दगा दिला. पुढे आरमाराने पुन्हा ठासणीच्याच तोफा घेतल्या.

आणि फायदा फक्त वेगाचा? 2 जानेवारी 1879 रोजी मार्मारा समुद्रात 'थंडरर' या ब्रिटिश युद्धनौकेवर ठासणीच्या 12 इंची तोफेचा बार उडालाच नाही. जोडीच्या तोफेच्या दणक्यात ते कुणाला कळलं नाही. त्याच नळीत दुसरा बार ठासला, तोफ फुटली, 11 जण गेले. मागचं दार उघडणाऱ्या तोफेत न उडालेला बार डोळ्यांसमोर असतो. त्यानंतर ब्रिटिश आरमार मागून भरायच्या तोफांकडे परतलं.

तोवर सांध्यातून होणाऱ्या वायूच्या गळतीवर इलाज निघाला होता. फ्रान्सच्या द बांजने 1872 मध्ये दाराच्या स्क्रूपुढे अळंबीच्या आकाराचं डोकं बसवलं आणि मधे अ‍ॅस्बेस्टॉस व चरबीची गादी घातली. बार उडाला की डोकं मागे रेटलं जातं, गादी चेपून बाजूंना फुगते आणि फट बुजते. जितका दाब, तितकी घट्ट.

बंदुकीत हेच काम पितळी काडतूस करतं. बाराच्या दाबाने ते फुगून कोठीला चिकटतं, दाब उतरला की किंचित आक्रसतं आणि ओढून काढता येतं. मार्टिनी-हेन्री या ब्रिटिश बंदुकीची सुरुवातीची काडतुसं मात्र पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली होती. तापलेल्या बंदुकीत ती फाटून अडकायची.