माऊस सोडा, इनबॉक्स रिकामा करा, कामाचं नंतर बघू

ऑफिसात पोचलात की आधी चहा घ्या, मग जीमेलच्या सेटिंग्जमध्ये जनरलखाली ‘कीबोर्ड शॉर्टकट्स ऑन’ करा आणि अगदी तळाला जाऊन सेव्ह चेंजेस दाबा. अर्धी जनता हे शेवटचं विसरते आणि मग दिवसभर बटणं बडवत बसते, काहीच होत नाही म्हणून. हे एकदा जमलं की तुम्ही ऑफिशियली प्रॉडक्टिव्ह. काम नाही केलंत तरी चालेल, माऊसला हात लावायचा नाही एवढंच पथ्य.

सुरुवात जे आणि के या बटणांपासून. जे खाली, के वर. का, तर वीआय नावाच्या जुन्या टेक्स्ट एडिटरमध्ये तसं होतं, तो बिल जॉयने 1976 च्या सुमारास लिहिला आणि त्याच्या टर्मिनलवर बाणांच्या खुणा एच, जे, के, एल याच बटणांवर छापलेल्या होत्या. ही माहिती कँटीनमध्ये आवर्जून सांगा, टेबल लगेच रिकामं होतं.

आता खरा मंत्र. एक्सने टिक, जेने खाली, परत एक्स, परत जे, असं सगळ्या न वाचलेल्या मेलवरून फिरून या आणि शेवटी एकदाच ई. सगळं आर्काइव्ह! दृष्टीआड सृष्टी. मेल कुठे जात नाहीत हो, ऑल मेलमध्ये सुखरूप पडून असतात, आणि कोणी ‘जेंटल रिमाइंडर’ टाकला की तोच मेल पुन्हा इनबॉक्समध्ये हजर होतो. तेव्हा काय करायचं? परत ई. साहेबांना स्क्रीनशॉट पाठवायचा तर या दोन ई च्या मधल्या वेळात काढा, इनबॉक्स झिरो दिसतो.

उत्तर द्यायचंच असेल तर आर कशाला, ए दाबा. आर म्हणजे फक्त विचारणाऱ्याला उत्तर, ए म्हणजे सगळ्यांना, आणि ‘नोटेड’ हा शब्द लिहायचे कष्ट घेतलेत तर तो निदान चाळीस जणांनी वाचायला नको का? गंमत म्हणजे कधीकधी ए दाबायचीही गरज पडत नाही. तुम्हाला वाटतं कर्सर चॅटच्या चौकटीत आहे आणि तुम्ही शेजारच्याला इंग्रजी अक्षरात ‘आम्ही निघालो’ टाइप करायला घेता, पण कर्सर असतो उघड्या मेलवर, मग पहिल्या ए ला रिप्लाय ऑल उघडतो आणि उरलेलं सगळं त्यात जाऊन बसतं. मग हाताच्या सवयीने कंट्रोल-एंटर. गेला.

घाबरू नका, पाठवलेला मेल थांबवायला अनडू सेंड आहे की. सेटिंग्जमध्ये 5, 10, 20, 30 असे सेकंद मिळतात, तुम्ही 5 च ठेवा, 30 ठेवणारी माणसं मेल वाचून पाठवतात, त्यांचं ऐकू नका.

आऊटलुकवाल्यांनी स्वतःला कमी समजू नये. सगळ्या जगात कंट्रोल-एफ म्हणजे शोधा, पण विंडोजवरच्या जुन्या आऊटलुकमध्ये कंट्रोल-एफ म्हणजे फॉरवर्ड. तर तुम्ही एक लांबलचक ट्रेल उघडलीये, जिच्यात टीमने क्लायंटच्या सात पिढ्यांचा उद्धार केलाय, आणि त्यात क्लायंटचं नाव नक्की कुठेकुठे आलंय ते बघायला तुम्ही कंट्रोल-एफ दाबून नाव टाइप करून एंटर मारता, तर ते नाव ‘टू’मध्ये जातं, आऊटलुक मोठ्या मनाने पूर्ण पत्ता भरून देतं, आणि कंट्रोल-एंटरची सवय तर आपण आत्ताच लावून घेतली.

यानंतर जी मेलामेली सुरू होईल, ‘प्लीज रिमूव्ह मी फ्रॉम धिस थ्रेड’ वगैरे, आणि तीही रिप्लाय ऑल करून, तिच्यासाठी जीमेलमध्ये एम आहे. म्यूट. त्या थ्रेडवर कोणी सगळ्यांना काहीही बोललं तरी इनबॉक्समध्ये येत नाही, परस्पर ऑल मेलमध्ये जातं. साहेबांनी त्यातच मधे कुठेतरी तुम्हाला काही विचारलं असेल तर तेही तिकडेच.

मग शुक्रवारच्या मीटिंगमध्ये ठामपणे सांगा, “सर, मला मेल आलाच नाही.” साहेब शांतपणे तुमच्या खुर्चीमागे येतील, म्हणतील जरा सरक, आणि सर्चमध्ये स्वतःचं नाव टाकून तो मेल उघडून दाखवतील. एका बोटाने टाइप करून, माऊसने.