पान न बघता औषध देणारे

उदगीरच्या बाजूला माझं कृषी सेवा केंद्र आहे, एकवीस वर्षं झाली. सोयाबीन पिवळं पडलं की शेतकरी धावत येतो, "मालक, एखादं जोरदार औषध द्या." मी म्हणतो, आधी पान आणा. पिवळं पडायला मोझॅक हा विषाणूचा रोग असतो, लोह कमी असतं, नाहीतर नुसतं पाणी साचलेलं असतं. पाणी साचलं असेल तर औषधच लागत नाही, चर काढावा लागतो. पान न बघता बाटली देणारेही आमच्या बाजारात आहेत, आणि खोटं कशाला बोलू, त्यांचा गल्ला माझ्यापेक्षा मोठा आहे.

आज पिकाबद्दल लिहीत नाहीये. पुरुषांच्या 'त्या' तक्रारींसाठी मोबाईलवरून डॉक्टर आणि औषध मागवायची जी सोय निघाली आहे, तिच्याबद्दल लिहितोय. ग्रुपमधल्या काकूंनी पुढं वाचलं तरी हरकत नाही, उलट वाचाच.

ही सोय मला मनापासून हवी आहे. गावातला मेडिकलवाला माझ्या चुलत्याचा जावई. दवाखान्यात बाकड्यावर बसलेल्यांतले चौघं ओळखीचे, त्यात एक जण "काय झालंय?" विचारल्याशिवाय राहत नाही. मग आपल्या माणसाला उरतं काय? बसस्टँडच्या भिंतीवरची चुन्याच्या अक्षरातली जाहिरात, जत्रेतला बरण्यांचा तंबू, नाहीतर महिन्यातून एकदा लॉजवर उतरणारे वैद्यराज. असल्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ चा आहे. भिंती अजून रंगतायत. त्या 'शुद्ध हर्बल' कॅप्सुलांत गुपचूप सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं ताठरतेचं औषध, मिसळलेलं सापडल्याची उदाहरणंही आहेत. म्हणून तर कधी कधी गुण येतो!

तर गेल्या दिवाळीनंतर, वय ४६, मीही एक ॲप उघडलं. नऊ प्रश्न, सगळ्यांना टिक करायची. 'हृदयाचा त्रास आहे का' याला चुकून 'हो' दाबलं तर पान पुढंच सरकेना. मागं येऊन 'नाही' केलं, लगेच पैसे भरायचं पान आलं. चार मिनिटांत काम फत्ते. कुणी माणूस बोलला नाही. मी बीपीची कुठली गोळी घेतो हे कुणी विचारलं नाही. चिठ्ठी आली, तिच्यावर डॉक्टरचं नाव होतं, नोंदणी क्रमांकाची जागा कोरी.

पार्सल म्हणे गुप्त पॅकिंगमध्ये येणार होतं. कुरिअरवाल्या पोरानं भर दुकानात, सहा गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "मालक, ह्याच कंपनीचं लई लोकांकडं जायलंय, काय असतंय ह्यात?" मी म्हटलं, टॉनिक. त्यानंतर व्हॉट्सॲपवर रोज एक निरोप. पोरगी माझ्या फोनवर क्लासच्या नोट्स बघत असताना वरून पट्टी खाली आली, 'आजची रात्र खास करा'. तिनं फोन गुपचूप माझ्या हातात दिला. दोघंही त्यावर काही बोललो नाही, पण मी त्या गोळ्या उघडल्याच नाहीत.

नंतर शोधून वाचलं. टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोनवरून डॉक्टरी करायचे नियम २५ मार्च २०२० चे आहेत, म्हणजे टाळेबंदी लागली त्याच दिवशीचे. त्यात स्पष्ट आहे की ॲपनं डॉक्टरचं नाव, शिक्षण आणि नोंदणी क्रमांक रुग्णाला द्यायचा, आणि यंत्रानं स्वतःहून सल्ला द्यायचा नाही की औषध लिहायचं नाही. तो क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. डॉक्टर दुसऱ्या राज्यातला असेल तर तिथल्या कौन्सिलच्या. मी बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर बघितल्याशिवाय माल उतरवून घेत नाही, अन् इथं आपल्या पोटात जाणाऱ्या गोळीचं काहीच बघितलं नव्हतं.

दुसऱ्या ठिकाणी व्हिडिओवर डॉक्टर आले. घरात बोलायला जागा नाही, म्हणून गोडाऊनात डीएपीच्या थप्पीमागं बसलो. नोंदणी क्रमांक पडद्यावरच दिसत होता. वीस मिनिटं प्रश्नच चालले होते. जिना चढताना छाती भरते का? जिभेखाली ठेवायची गोळी कधी घेतली का? बीपीची कुठली गोळी? पहाटे आपोआप ताठरता येते का? घरात हृदयाचं कुणाला? तेवढ्यात बाहेरून दुकानातला पोरगा ओरडला, "मालक, थायमेथोक्झाम कुठंय?" डॉक्टर हसले आणि त्याच दमात विचारलं, फवारणीची औषधं हातमोजे घालून हाताळता का? तिथं माझा विश्वास बसला.

त्यांनी औषध दिलंच नाही. आधी एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल आणि सकाळी दहाच्या आत टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) तपासून या म्हणाले. फी घेऊन रिकाम्या हाती पाठवलं, राग आला होता. पण रिपोर्टमध्ये एचबीएवनसी ८.९ आलं, म्हणजे मधुमेह. साखर किती दिवसांपासून होती देव जाणे. त्यांनी सांगितलं की त्या भागातली रक्तवाहिनी १ ते २ मिलिमीटरची, हृदयाची ३ ते ४ ची, म्हणून गाळ आधी तिथं जाणवतो आणि छातीचं दुखणं काही वर्षांनी येऊ शकतं. मला लगेच ठिबक आठवलं. मेन लाईन व्यवस्थित दिसते, पण शेवटच्या ड्रीपरला पाणी यायचं थांबतं. शहाणा शेतकरी तिथंच फिल्टर उघडून बघतो.

हे सगळं माझ्यापुरतं ठेवलं असतं. पण गेल्या महिन्यात माझा वर्गमित्र (त्याला विचारूनच लिहितोय) त्याच पहिल्या ॲपची जाहिरात मला पाठवून म्हणाला, "भारी आहे राव, मी मागवलंय." या माणसाला दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसलाय. सॉर्बिट्रेटची, म्हणजे छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळीची पट्टी शर्टाच्या खिशात असते. त्यानंही माझ्यासारखीच 'नाही' वर टिक केली होती. सिल्डेनाफिल आणि ही नायट्रेटची गोळी एकत्र पडली तर बीपी इतकं कोसळतं की माणूस जाऊ शकतो. सिल्डेनाफिलच्याच जातीचं टॅडालाफिल तर दीड दिवस अंगात काम करतं, त्यानंतर नायट्रेटला किमान ४८ तासांचं अंतर लागतं. छातीत कळ आली तर हा आधी जिभेखाली गोळी ठेवणार, आणि दवाखान्यात बायकोला विचारतील तेव्हा तिला बिचारीला दुसऱ्या गोळीचं काही माहीतच नसणार.

आता म्हणाल, चूक त्याची, खोटं का भरलं? मान्य. पण ज्या दुकानात 'हो' म्हटलं की दारच बंद होतं, तिथं गरजवंत काय करणार? खरा डॉक्टर 'हो' ऐकल्यावर पुढं बोलायला लागतो.

केस गळतीच्या गोळ्यांचं (फिनास्टेराईड) आणि टेस्टोस्टेरॉनचं थोडक्यात सांगतो, कारण तरुण पोरं इनबॉक्समध्ये विचारतात. फिनास्टेराईडमुळं काहींची इच्छा कमी होऊ शकते, आणि ती गोळी फुटलेली असेल तर घरातल्या गरोदर बाईनं हात लावायचा नाही. हे आधीच न सांगणाऱ्याकडून घेऊ नका. आणि लग्न ठरलेल्या पोरांनो, जिममधल्या कुणाचं ऐकून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेऊ नका, त्यानं शुक्राणू बनणंच थांबू शकतं.

पैशाचं म्हणाल तर सरकारी ई-संजीवनीवर फुकटात डॉक्टर बोलतात. आणि चिठ्ठी खरी असेल तर ती घेऊन परगावच्या जेनेरिक दुकानात जा. ॲपच्या डब्याचे आणि चकचकीत कागदाचे पैसे कशाला द्यायचे?

मित्राला परवा लातूरला त्याच्या हृदयाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. आत एकटाच गेला. पंधरा मिनिटांनी बाहेर आला, चेहरा मोकळा. ॲपचं पाकीट माझ्या हातात देत म्हणाला, "हे तुझ्या गोडाऊनात ठेव, मुदत संपलेल्या औषधांच्या खोक्यात."