त्या तारखेचा शिक्का आणा म्हणे

जानेवारी ते जून २०२०. माझ्या पीएचडीचा या सहामाहीचा प्रगती अहवाल पाहिजे म्हणे विद्यापीठाच्या पीएचडी विभागाला, तरच थिसिस जमा करून घेणार. हार्ड कॉपी, आमच्या विभागाच्या गोल शिक्क्यासकट, आणि शिक्क्याखालची तारीख तेव्हाचीच. आता जून २०२० मध्ये आपण सगळे काय करत होतो हे मी कुणाला सांगायला नको, पालेभाजी साबणाच्या पाण्यात बुडवत होतो. विभागाला कुलूप होतं, शिपाई त्याच्या गावी होता आणि शिक्का कुलपाच्या आत होता. आणि अहवाल मेलने पाठवा, कुणीही प्रत्यक्ष येऊ नये, हे परिपत्रक काढलं कोणी, तर याच पीएचडी विभागाने! ते परिपत्रक मी जपून ठेवलेलं, प्रिंट काढून नेलेलं, मी केलेला मेल प्रिंट काढून नेलेला, त्यावर त्यांचंच 'प्राप्त झाले' असं उत्तर, तेही नेलेलं. टेबलावरच्या मॅडमनी तिन्ही कागद उलटून मागची कोरी बाजू नीट तपासली आणि म्हणाल्या, "हे बरोबरे, पण फाईलला हे लागत नाही."

फाईलला लागत नाही! खरं आहे ते मान्य, पण फाईलला नको.

"मॅडम, तेव्हा विभाग बंद होता."
"हो ना, तेव्हा सगळंच बंद होतं."
"मग मी शिक्का कुठून मारून आणणार होते?"
"ते तुम्ही विभागाला विचारा."

विभागाला विचारायला गेले. ज्यांनी आमचं विद्यापीठ पाहिलंय त्यांना कळेल, पीएचडी विभाग एका टोकाला, आमचा विभाग दुसऱ्या टोकाला, मधे नुसतं ऊन. विभागप्रमुख नवीन आहेत, ते म्हणाले, मी तेव्हा इथे नव्हतोच, मागच्या तारखेची सही केली तर उद्या मीच अडकेन, आजच्या तारखेने देतो. माणूस सरळ आहे, दिली पण लगेच. ती घेऊन उन्हातून परत. मॅडम जेवायला. जेवण सव्वा वाजता सुरू होतं ते कधी संपतं यावर खरं तर एखादी पीएचडी व्हायला पाहिजे. आल्यावर कागद बघून म्हणाल्या, "आजची तारीख चालणार नाही, यात उशीर दिसतो." दिसणारच ना! "मग उशीर माफीचा अर्ज करा, तो वर जाईल, मंजूर झाला की विलंब शुल्क भरा, त्याची पावती जोडा, मग सबमिशनचं बघू." म्हणजे त्यांच्या फाईलमधून त्यांनीच गहाळ केलेल्या कागदाचा दंड मी भरायचा, आणि वर माफी पण मीच मागायची.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर मी हे लिहायला बसलेच नसते. मी थिसिसच्या प्रती पिशवीत परत भरत होते तेव्हा अगदी प्रेमाने म्हणाल्या, "आणि ताई, तुम्ही लेडीज ना, तुम्हाला दोन वर्षं जास्तीची असतात की. मग एवढी घाई कशाला करता?"

पीएचडीच्या सहा वर्षांच्या मुदतीवर बायकांना दोन वर्षं वाढीव दिली यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, ती बाळंतपणासाठी, पोरांच्या तापासाठी, सासऱ्यांच्या मोतीबिंदूसाठी आणि घरात पाहुणे असताना जे दिवसच्या दिवस नाहीसे होतात त्यांच्यासाठी. तुमच्या टेबलावर फाईलीने लोळावं म्हणून नाही दिलेली! आणि हे एका बाईने बाईला सांगावं. घाई कशाला म्हणे. २०१९ चं रजिस्ट्रेशन आहे माझं. तेव्हा माझी मुलगी अंगणवाडीत जायची, आता ती मला प्रश्नचिन्ह कुठे राहिलं ते दाखवते.

सकाळी एसटीत मी पूर्ण भाषण पाठ केलं होतं. विद्यार्थ्यांचे हक्क, यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीतली कलमं, कुलगुरूंना भेटेन, माहिती अधिकार टाकेन, सगळं मुद्देसूद. तासाला पोरं माझ्यासमोर चूं करत नाहीत, घरी नवरा टीव्हीचा आवाज न सांगता कमी करतो. आणि तिथे त्या टेबलासमोर उभी राहून मी काय म्हणाले? "बरं मॅडम, येते मग परत." वर हसले पण. जाताना खुर्ची नीट आत सरकवून ठेवली मी, हे तर कुणी सांगितलं पण नव्हतं.

तरी एक कबूल करायलाच पाहिजे की एसटीचं तिकीट अर्धं लागतं. २०२३ पासून बायकांना ५० टक्के सवलत. माझ्या संशोधनाला शासनाकडून प्रत्यक्ष मिळालेली मदत तेवढीच, तिचा उल्लेख मी ऋणनिर्देशात करणार आहे.

आता तोंड उघडलंच आहे तर बाकीचंही निघू दे.

पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, पास झालो तेव्हा आम्हाला वाटलेलं की झालं, आत आलो. मग ती गाईडची यादी. त्या यादीतले एक सर निवृत्त, एक बाई दुसऱ्या विद्यापीठात, एक तर बिचारे वारलेले, तरी नावापुढे रिक्त जागा दोन! प्रोफेसरला आठ, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार विद्यार्थी असा हिशोब आहे, पण प्रोफेसरच भरायचे नाहीत म्हटल्यावर आठ कशाचे आणि चार कशाचे. जे गाईड जिवंत आणि नोकरीत होते त्यांच्याकडे आधीच रांग. माझे सर मिळाले ते नशीब, सरांबद्दल मी एक शब्द वाईट बोलणार नाही, आता निवृत्त होऊन नाशिकला मुलाकडे असतात, सही पाहिजे असली की कुरिअर करते, तेही आपलं कुरिअरच्या पाकिटात परतीचे पैसे घालून पाठवतात इतके भले.

मग आरआरसी, म्हणजे संशोधनाचा आराखडा बघून विषय मंजूर करणारी समिती. आमच्या वेळी आतल्या बाईंनी सिनॉप्सिस उघडलाही नाही. विषय, जात्यावरच्या ओव्या. "यात नवीन काय आहे?" मी सांगायला लागले तर बिस्किटांची बशी आली. बशी परत जाईपर्यंत माझी वेळ संपली होती. मंजूर केला पण, का केला ते आजपर्यंत कळलेलं नाही.

आणि मुळात या भानगडीत पडलेच का? तर तासिका तत्त्वावर किती वर्षं राहणार, कायम व्हायचं तर पीएचडी पाहिजे असं सगळे म्हणत होते, आणि खोटं नव्हते म्हणत. यूजीसीने २०१८ ला लिहूनच ठेवलेलं की विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर व्हायला जुलै २०२१ पासून पीएचडी सक्तीची. मग करोना आला, तर जुलै २०२३. आणि २०२३ चा जुलै उजाडला तेव्हा, नाही नाही, नेट-सेट या पात्रता परीक्षा पुरे, पीएचडी ऐच्छिक! मी तेव्हा तिसरं प्रकरण लिहीत होते. ऐच्छिक. बरं सेट माझी आधीपासूनच आहे. म्हणजे जिच्यासाठी एवढं केलं ती आता हौसेची गोष्ट झाली, जशी लोकांना भरतकामाची असते.

नेटचं तर बोलायलाच नको. आता नेटच्या मार्कांवर पीएचडीला प्रवेश अशी २०२४ पासून नवी सोय, छान, एकच परीक्षा, पेटची कटकट नाही, आणि तिची सुरुवात काय, १८ जूनला देशभर पेपर झाला, १९ ला रद्द. माझी एक विद्यार्थिनी पेपर देऊन घरी पोचून झोपली होती, उठली तेव्हा परीक्षाच नव्हती.

पण माझं खरं दुखणं प्लेजरिझमचं, म्हणजे सॉफ्टवेअरने नक्कल तपासण्याचं आहे. १० टक्क्यांपर्यंत मजकूर जुळला तर माफ, त्याच्या वर गेलात की दुरुस्ती. योग्य आहे, मी स्वतः त्या बाजूची आहे, पोरं असाइनमेंटमध्ये विकिपीडिया चिकटवतात तेव्हा माझं डोकं फिरतं. तर माझा रिपोर्ट आला २३ टक्के. मी! जिने पाच तालुक्यांतल्या म्हाताऱ्यांच्या ओसरीवर बसून फोनमध्ये ओव्या रेकॉर्ड केल्या, मग रात्री जागून एकेक शब्द लिहून काढला, कारण आजीच्या तोंडात दात नाहीत आणि मागे शेळी ओरडतेय. २३ टक्के कॉपी! लाल रंगाने रंगवलेल्या ओळी बघते तर सगळ्या ओव्या. 'पहिली माझी ओवी'ने सुरू होणारी प्रत्येक ओळ लाल. अहो पहिली ओवी अख्ख्या महाराष्ट्रात तशीच सुरू होते! शोधगंगा या प्रबंधांच्या साईटवर चढवलेल्या कुठल्या कुठल्या थिसिसशी त्या जुळवलेल्या. म्हणजे सॉफ्टवेअरचं म्हणणं असं की माझ्या गावच्या जनाआजीने पहाटे दळताना दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणाचा तरी प्रबंध उघडून त्यातून ओवी चोरली. भावाची ओवी, पंढरीची ओवी, सासुरवासाची ओवी, सगळ्या बायका एकीच्या बघून दुसरी लिहीत होत्या बहुतेक.

संदर्भ देऊन अवतरणात घेतलेला मजकूर मोजायचा नसतो हे २०१८ च्या नियमात सरळ लिहिलंय. मी ते लायब्ररीतल्या सरांना दाखवलं. ते म्हणाले अवतरणचिन्हं लावा, वगळता येईल. मी म्हटलं ओवीला अवतरणचिन्हं नसतात सर, ती वेगळ्या परिच्छेदात सरकवून देतात. ते म्हणाले मॅडम, हे मला पटतंय, त्याला पटवा, आणि कॉम्प्युटरकडे बोट. मग काय, शेकडो ओव्यांना पुढे-मागे अवतरणचिन्हं लावत बसले. माझी एक मैत्रीण तर याच्या उलटी अडकली, तिने टायपिस्टकडून जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाईप करून घेतलेलं, सॉफ्टवेअरला एक अक्षर कळेना, रिपोर्ट आला शून्य टक्के. तिला सांगितलं, शून्य संशयास्पद वाटतं, परत आणा! आता ते सगळं युनिकोडमध्ये करताना तिचे रफार पळून गेलेत, ते शोधतेय.

आणि हे सगळं कोण सांगतंय आम्हाला? बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपसाठी २४ डिसेंबर २०२३ ला सीईटी घेतली, तो पेपर २०१९ च्या सेटचा जसाच्या तसा उचललेला निघाला. पोरांनीच ओळखला, कारण त्यांनी जुने पेपर सोडवलेले होते. मग १० जानेवारीला परत परीक्षा. तिथे कुणाला २३ टक्के आले का? त्याच डिसेंबरात विधानपरिषदेत एक मोठे मंत्री विचारत होते की पीएचडी करून काय दिवे लावणार. साहेब, दिवे आमच्या हॉस्टेलच्या जिन्यात लावायचेत, तिथे बल्ब नाही.

पेपर छापण्याचं पण तेच. यूजीसीची मान्य जर्नलांची जी केअर लिस्ट, तिच्यातल्याच जर्नलमध्ये छापा म्हणून डोकं खाल्लं, त्या लिस्टमधल्या एका जर्नलने माझा लेख इतका वेळ दाबून ठेवला की तोवर यूजीसीने, २०२५ च्या फेब्रुवारीत, ती लिस्टच बंद केली. तिकडे पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या वाले रोज मेल करतातच, 'डियर सर' म्हणून.

या सगळ्यात एकच माणूस कामाचा आहे, गेटसमोरचा झेरॉक्सवाला. डावीकडे समास दीड इंच, पाठीवर नाव वरून खाली का खालून वर, सोनेरी अक्षरात काय काय येतं, प्रतिज्ञापत्र कुठल्या पानावर, सगळं त्याला पाठ. वेबसाईटवर जो विहित नमुना आहे तो तीन वर्षं जुना आहे हे पण त्यानेच सांगितलं. विद्यापीठात कुणालाही काही विचारा, "साईटवर टाकलंय" (या वाक्याचा मला इतका राग आहे की घरी कुणी म्हटलं तर जेवण वाढत नाही मी), आणि साईटवर 'पृष्ठ सापडले नाही'. त्याच्याकडे मात्र चालू परिपत्रकाची गठ्ठ्याने झेरॉक्स, दोन रुपये पान. त्याला आज प्रगती अहवालाचं सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या बॅचच्या सगळ्यांचाच तो अहवाल नाहीये. मागच्या महिन्यात एका सरांनी सामूहिक निवेदन दिलं, त्यांचं झालं. तुम्ही पण तसंच द्या, नमुना आहे माझ्याकडे." टेबलावरच्या मॅडमना हे माहीत नसेल? असणारच. पण मी विचारलं नव्हतं ना!

तर तो नमुना आणलाय, उद्या टाईप करून देणार. सबमिशन झालं की सहा महिन्यांत व्हायवासकट, म्हणजे तोंडी परीक्षेसकट, सगळं उरकायचं असं नियमात आहे, यावर हसायचं कुणाला असेल त्याने हसून घ्या. व्हायवाची पण तयारी लोकांनी आत्तापासून सांगून ठेवलीय, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना गाडी, शाल, श्रीफळ, मग चांगल्या हॉटेलात जेवण, काजू करी, विभागातल्या सगळ्यांना बोलवायचं, नाहीतर दिसायला बरं दिसत नाही. मागच्या वर्षी एकीने यासाठी पतसंस्थेतून कर्ज काढलं, तासिकेचं मानधन मार्चनंतर मिळतं म्हणून. मी नाही करणार. पोहे आणि चहा. गाईड सरांना तसं सांगून टाकलंय, ते म्हणाले मला चालतील, तिखट कमी. शेव वरून घालीन भरपूर, तेवढी काय मी कंजूष नाही.